थोरल्या लेकीचे ऋण



गेल्या २५ डिसेंबरला मी देहूरोडला गेलो होतो. १९५४ साली याच तारखेला परमपूज्य बाबासाहेबांनी तेथे आपल्या हस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना. म्हणून त्या दिवशी पिंपरी, चिंचवड, तळेगाव, चाकण अशा चारही बाजूंनी आपली माणसे तेथे लोटतात. विहाराबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कडेवर आठ-दहा महिन्यांचे मूल घेऊन उभी होती. आईबाप आणि मधली दोन भावंडे आत वंदनेला गेली होती. तान्हे रडते, वंदनेत व्यत्यय येतो, म्हणून थोरलीला बाहेर ठेवले होते. मी विचारले, "बाळ, तू आत नाही का गेलीस?" ती म्हणाली, "मागल्या वर्षी पण नव्हते गेले. तवा ही कडेवर होती," आणि तिने आतल्या धाकट्या बहिणीकडे बोट दाखवले.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तो मी आपल्यापुढे ठेवतो. ज्या घराने जन्मावरून माणसाचे काम ठरविणारा धर्म सोडला, त्या घरात आधी जन्मली आणि मुलगी म्हणून जन्मली, एवढ्याच कारणावरून एका लेकराचे काम ठरावे काय?

त्या आईबापांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचे घर मी पाहिलेले नाही, पण तशी शेकडो घरे मला ठाऊक आहेत. मी शिक्षक आहे. कुरुळी, म्हाळुंगे, खराबवाडी या बाजूला लातूर, नांदेड, परभणीकडून आलेली कितीतरी कुटुंबे दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. त्यांतल्या अनेकांनी गेल्या चार-दोन वर्षांतच दीक्षा घेतली आहे. बाप कारखान्यात कंत्राटी. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. आई पॅकिंगच्या कामाला, नाहीतर चार घरची धुणीभांडी करायला जाते. घरात चार मुले. नळाला पाणी केव्हा येईल याचा नेम नाही. रात्रपाळीचा बाप दिवसा झोपला की त्याच खोलीत चार मुलांना गप्प ठेवायचे. हे सारे कोणी करायचे? १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी आली, परंतु ती काही तासांची. आईची पाळी आठ तासांची, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. या दोहोंमधले जे तास उरतात, ते थोरल्या मुलीच्या वयातून कापून घेतले जातात. माझ्या वर्गात हजेरी घेताना ज्या मुलींची नावे वारंवार रिकामी जातात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणी थोरल्या असतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "सर, बाळाला सांभाळायला कोणी नव्हते."

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' या भाषणातून आपल्याला शिकविले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. त्यात माणसाची आवड पाहत नाहीत, कुवत पाहत नाहीत. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहतात आणि त्याच्या गळ्यात काम बांधतात. आता आपल्याच खोलीत पाहा. थोरलीच्या गळ्यात काम बांधताना आपण तिची आवड पाहिली काय? तिची कुवत पाहिली काय? अकरा वर्षांचा भाऊ दारात क्रिकेट खेळत असतो आणि नऊ वर्षांची बहीण तान्ह्याचे लंगोट धूत असते, तेथे वयाचा नियमसुद्धा राहत नाही. मुलगा थोरला असला तर 'थोरला' म्हणून मान मिळतो, मुलगी थोरली असली तर 'थोरली' म्हणून काम मिळते. हिला श्रेणीबद्ध विषमता म्हणू नये तर काय म्हणावे?

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्हाला पगार मिळतो, तुम्हाला बोलायला काय जाते? तेव्हा माझ्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही पाच भावंडे. मी चौथा. ताई सर्वांत मोठी. आई बांधकामावर जायची. ताईने सातवीनंतर शाळा सोडली. सोडली म्हणजे, सोडवली. त्या वेळी कोणी मोठा निर्णय घेतल्याचे मला आठवत नाही. एके दिवशी ती गेली नाही, दुसऱ्या दिवशीही गेली नाही, मग जाईनाशीच झाली. मला भाताची पेज तिने भरवली, माझ्या पाटीवरची पहिली अक्षरे तिने गिरवून घेतली. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझा सत्कार झाला, फेटा बांधला, फोटो निघाला. भाषणात मी बाबासाहेबांचे ऋण मानले, आईबापांचे मानले, शिक्षकांचे मानले. ताई मागे पंगतीसाठी कांदा चिरत होती. तिचे नाव घ्यायचे मला सुचलेच नाही.

पुढे नोकरी लागल्यावर मी तिला भारी साडी नेली. ती तिने आनंदाने घेतली. मला वाटले, फेडले. दोन वर्षांनी तिचा फोन आला. एका कामासाठी दहावीच्या दाखल्याची अट होती. तिने विचारले, "माझा सातवीचा निकाल घरात कुठं ठेवलाय का रे?" आम्ही सर्व ट्रंका पाहिल्या. माझी सगळी गुणपत्रके प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली होती. तिचा एक कागद सापडला नाही.

माझ्या आईला मी दोषी मानत नाही. आई कामावर गेली नसती तर आम्ही उपाशी राहिलो असतो. गरज खरी होती. परंतु गरज खरी असली म्हणजे तिचा भार एकाच खांद्यावर टाकणे न्याय्य ठरत नाही. आपल्या गावकीत मेलेले ढोर ओढण्याचे काम कोणीतरी करणे जरूरच होते, ही सबब आपल्या आजोबा-पणजोबांना ऐकवली जात होती. त्यांनी उलट काय विचारले? काम जरूर आहे हे कबूल, पण ते आमच्याच वाट्याला का? तोच प्रश्न आज थोरली लेक विचारू शकते. फरक इतकाच की ती विचारत नाही, कारण तिचे आपल्यावर प्रेम आहे. प्रेमाने वाहिलेले ओझे हलके असते असे समजून आपण त्यावर आणखी ओझे ठेवतो.

येथे मुलांच्या संख्येचाही विचार टाळता येणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांना आठ-आठ बाळंतपणे सोसावी लागली, कारण चार मुले जगतील याची खात्री नव्हती. बाबासाहेब आणि माता रमाई यांनीही गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे मातीआड केली. एकटे यशवंतराव राहिले. हे दुःख ज्याने भोगले, तोच महापुरुष १९३८ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात म्हणून मुंबईच्या विधिमंडळात ठराव आणतो. त्यांच्या वतीने तो पी. जे. रोहम यांनी मांडला. बाजूने ११ मते पडली, विरुद्ध ५२. ठराव फेटाळला गेला. त्याआधी १९२८ साली कामकरी स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. म्हणजे आईच्या शरीराची काळजी आणि मुलाच्या वाट्याची काळजी त्यांना वेगळी वाटली नाही. ते काम त्या दिवशी अडले, पण आज सोयी सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या घेणे न घेणे आपल्या हाती आहे. मात्र जी मुले जन्मली आहेत, त्यांना संख्या म्हणून मोजू नका. चौथे मूल चुकीचे नसते. चौथ्यासाठी पहिलीचे बालपण घेणे चुकीचे असते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाचे आचारधर्म सांगितले. आईबापांची पाच कर्तव्ये त्यात आहेत. वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याकडे वळविणे, विद्या आणि कला शिकविणे, योग्य वेळी योग्य विवाह करून देणे आणि वारसा सोपविणे. कोसलचा राजा प्रसेनजित मुलगी झाली म्हणून खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते असे भगवंतांनी त्याला समजावले. त्याच सुत्तात मुलांची कर्तव्येही आहेत, आणि त्यांचा आरंभच असा की आईबापांनी मला पोसले म्हणून मी त्यांना पोसावे. म्हणजे कर्तव्य आधी घेतलेल्यातून निघते. या हिशेबाने पाहा. धाकट्यांना भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या थोरलीचे धाकट्यांकडे येणे आहे. आईबापांकडेही येणे आहे. आपण मात्र तिलाच देणेकरी समजतो आणि एक दिवस शाळेत गेली म्हणून रागावतो.

हे येणे कसे फेडायचे? सिद्धार्थाची आई मायादेवी त्याच्या जन्मानंतर लवकरच गेली. त्याला वाढविले महाप्रजापती गौतमीने. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना भीमाई गेल्या आणि आत्या मीराबाईंनी त्यांचा सांभाळ केला. आपले दोन्ही उद्धारकर्ते जन्मदात्रीशिवाय दुसऱ्या बाईच्या हातावर वाढले, हे आपण फार क्वचित आठवतो. पुढे गौतमीने संघात प्रवेश मागितला आणि तिला नकार मिळाला. तेव्हा आनंदाने तिची बाजू मांडली. स्त्रियाही अर्हत्पद मिळवू शकतात, हे त्याने भगवंतांकडून कबूल करून घेतले. मग आठवण दिली की गौतमीने तुम्हाला दूध पाजून वाढविले आहे. दार उघडले. गौतमीचे ऋण वस्त्राने फिटले नाही, जे दार तिला बंद होते ते उघडल्याने फिटले. विनयपिटकातील ही कथा वाचली तेव्हा मला माझी साडी आठवली आणि मान खाली गेली.

मी ताईला १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसण्याविषयी बोललो. ती हसली. म्हणाली, "बघू. पोरीची परीक्षा होऊ दे." मी पुन्हा विचारणार आहे. ती हो म्हणेल की नाही, मला सांगता येत नाही. उशिरा उघडलेल्या दारातून आत शिरणे सोपे नसते. म्हणूनच आपल्या घरातले दार आजच उघडा असे मी म्हणतो.

मोठे काही करायला नको. घरातल्या कामांची यादी करा आणि आठवड्याची पाळी लावा. कारखान्यात पाळी बदलते ती सर्वांची बदलते, घरातही बदलू द्या. मुलग्यालाही बाळाला कडेवर घेऊ द्या. कुवतीप्रमाणे काम, जन्माप्रमाणे नाही. परीक्षेच्या दिवसांत थोरलीला बाळापासून मोकळी ठेवा. दोन-तीन शेजारणी मिळून आळीपाळीने मुले सांभाळा. विहारात रविवारी वंदना होते, तेथेच एक सतरंजी टाकून लहान मुलांची सोय करता येईल. तिचे सर्व निकाल आणि दाखले भावाच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवा. राहुलाला भगवंतांनी शिकविले की कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर, त्याने स्वतःला वा दुसऱ्याला पीडा होते काय ते पाहावे. सकाळी बाळ थोरलीच्या हाती देण्यापूर्वी क्षणभर तसे पाहा. कधीकधी द्यावेच लागेल. पण पाहिल्यावर दिलेले आणि न पाहता दिलेले, यांत फरक आहे.

बावीस प्रतिज्ञा घेताना आपण समता स्थापन करण्याचा प्रयत्न करू असे वचन दिले आहे. ते वचन आपण दुसऱ्यांच्या पाणवठ्यासाठी आणि दुसऱ्यांच्या गावासाठी दिले असे समजू नका.

येत्या २५ डिसेंबरला आपण पुन्हा देहूरोडला भेटू. तान्हे रडले तर रडो, ते कोणीतरी बाहेर घेऊन थांबावेच लागेल. या वेळी बापाने थांबावे. थोरलीला आत जाऊ द्या.

जयभीम!