बांधलेला उंट आणि बसवलेला दात

महालातील आमच्या मशिदीत असरच्या नमाजनंतर एक ज्येष्ठ नमाजी थांबले. रुमालाची घडी उलगडून त्यांनी एक लहानसा स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. "मौलाना, जबड्याच्या हाडात बसवलेला दात होता हा. तीन महिनेही टिकला नाही. तकदीर, दुसरे काय!" मी हळहळलो आणि सहज विचारले, "चाचा, खर्रा सुटला होता ना?" ते गप्प राहिले. डॉक्टरांना मात्र त्यांनी 'सुटला' असेच सांगितले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या हातून जे बिघडले त्याला तकदीर म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? त्या दिवसापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. उत्तर शोधण्यापूर्वी हा दात हाडात रुजतो कसा, हे पाहू.

स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर काढू गेले तर निघेना; हाड त्याला घट्ट बिलगले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर धरतो. शरीराची गाठ पडते ती या थराशी, आणि त्याला ते सहसा शत्रू मानीत नाही. स्क्रूभोवती प्रथम रक्ताची गुठळी होते, तिच्या जाळीतून हाड घडविणाऱ्या पेशी येतात, घाईघाईने कच्चे हाड रचतात आणि मग कित्येक महिने ते मोडून पक्के हाड घडवीत राहतात.

यात एक गोष्ट फार विचार करण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो केवळ आट्यांच्या पकडीमुळे. पुढे आट्यांलगतचे जुने हाड झिजते आणि नवे अजून पक्के झालेले नसते. म्हणून साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात त्याची पकड सर्वांत कमजोर असते. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते, आणि रुग्णाला वाटते, आपण बरे झालो!

हाडाला लवकर धरता यावे म्हणून स्क्रूचा पृष्ठभाग बारीक कणांच्या माऱ्याने आणि आम्लाने खडबडीत करतात. त्या खळग्यांत गुठळी नीट टिकते. काही स्क्रूंवर हायड्रॉक्सिअपेटाइटचा, म्हणजे हाडातच असणाऱ्या खनिजाचा लेप देतात. पूर्वीचे जाड लेप कधी सुटत, कधी विरघळत. म्हणून धातूचेच अंग खडबडीत करण्याकडे कल वाढला. वरून चढवलेला थर आणि अंगचा गुण! एका इमामाला येथे काय काय आठवले असेल, ते असो.

पण लेप कितीही उत्तम असला तरी डॉक्टर हाड जोडत नाहीत. ते जागा तयार करतात; जुळते ते हाड. सूरह बकराच्या २५९व्या आयतीत शंभर वर्षे मृत राहिलेल्या माणसाला हाडांकडे पाहायला सांगितले आहे. ती आयत आता मी अधिक थांबून वाचतो.

दात बसवणे म्हणजे अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ नव्हे काय, असे काही जण विचारतात. केवळ सौंदर्यासाठी दात कानसून फटी पाडणे हदीसमध्ये निषिद्ध आहे. गमावलेले परत मिळवणे वेगळे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक कुलाबच्या लढाईत कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक लावले, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक लावण्यास सांगितले. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही! दुर्गंधी तकदीर म्हणून सोसा, असे सांगितले नाही. धातू बदलायला सांगितले. रोपणाच्या वेळी हाड कमी पडले तर जी भुकटी भरतात ती गाईच्या, डुकराच्या हाडापासून किंवा कृत्रिमरीत्याही बनते. ती कोणती, हे आधीच विचारून घ्या.

आता खर्रा. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते, आणि भरत्या हाडाला रक्तच कमी मिळते. आटोक्यात नसलेला मधुमेहही भरण्याचे काम मंदावतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी बांधायला सांगितले होते. चाचांनी उंट मोकळा सोडला, आणि बांधला आहे असे डॉक्टरांना सांगितले. तकदीरवर त्यांचा ईमान आहे, यात मला शंका नाही. पण त्या शब्दाआड त्यांनी एक खोटे दडवले होते.

आणि मी? आमच्या मशिदीच्या पायरीपासून थोड्याच पावलांवर पानठेला आहे. तेथे दिवसभर खर्रा घोटला जातो. ठेलेवाले जुम्याला पहिल्या सफमध्ये बसतात, भले लोक आहेत, मशिदीच्या कामाला हात सैल सोडतात. इतक्या वर्षांत मी बयानात खर्र्याचा शब्द काढला नाही. मोकळा उंट माझाही होता.

हाड पुन्हा भरल्यावर दुसरा दात बसवता येतो का, हे चाचांना विचारायचे आहे. त्याआधी डॉक्टरांना खरे सांगायचे आहे, आणि त्याची त्यांना लाज वाटते. सोमवारी सोबत येता का, असे त्यांनी मला विचारले. मी हो म्हटले आहे. त्याआधीचा जुमा मात्र मला एकट्यालाच निभवायचा आहे.