हक्कसोड



मी भिवंडीला एका गिरणीत मागावर काम करतो. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, डोळे मिटायच्या आत. तेव्हा हा लेख पंडिती होणार नाही, आधीच सांगून ठेवतो. घर रेवसला. परवा सुटीवर गेलो आणि एक प्रश्न डोक्यात घुसला तो अजून निघत नाही. सरकार बदल मानतं म्हणजे नेमकं काय मानतं? आणि समाज नाही म्हणतो तो नेमका कशाला?

रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे करंजा. मधे धरमतरची खाडी, तरीनं ओलांडायची. या खाडीवरच्या पुलाचं बोलणं अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचं, १९८०-८२ चं. आमची म्हातारी माणसं ऐकत ऐकत गेली, आता कुठं काम सुरू झालंय. पैसा अडला, फायली अडल्या, सरकारं बदलली. पण पुलानं धर्म बुडाला म्हणून कुणी बोंब मारली नाही. पूल कुणाला खाली उतर म्हणत नाही. उलट जमिनीचा भाव वर चढवतो. (कोळ्यांच्या जाळ्याचं काय, हे विचारायचं राहून जातं, ते वेगळं.) असला बदल मानायला काळीज लागत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातलं महाड बघा. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं पास केला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण कुणी पाणी प्यायला गेलं नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि डोकी फुटली. तळ्यातून १०८ घागरी उपसल्या, शेण-गोमूत्र-दही-दूध ओतून पाणी शुद्ध केलं. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. तीन वर्षं फायलीत सुखानं झोपलेला ठराव आम्ही हात लावल्यावर नको झाला! त्या डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा निघाले ते पद्मावती बोटीनं, समुद्रातून. आमच्या या किनाऱ्यासमोरूनच ती बोट खाली गेली असणार. पुढं दासगावला उतरून महाड. आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं.

म्हणजे ठरावाला विरोध नव्हताच. विरोध ओंजळीला होता.

आता खोती. आमच्या अलिबाग तालुक्यातलं चरी गाव. ऑक्टोबर १९३३ मध्ये पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढारी. सहा वर्षं शेतं पडीक ठेवली, मोलमजुरी केली, उपास काढले, पण नांगर धरला नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती बंद करण्याचं बिल कायदेमंडळात मांडलं. १० जानेवारी १९३८ ला वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर गेले. मंत्रिमंडळ बाळासाहेब खेरांचं, काँग्रेसचं, गरिबांचं नाव घेऊन निवडून आलेलं. त्यांनी शिष्टमंडळाचं ऐकून घेतलं. बिल काही पास झालं नाही. १९३९ च्या कायद्यानं कुळाला जरा आधार मिळाला. खोती रद्द व्हायला १९४९ साल लागलं.

ते मंत्री काही राक्षस नव्हते, शिकलेले, तुरुंग भोगलेले लोक. गोची तिथंच आहे. सरकार तोंडावर नाही म्हणत नाही. सरकार म्हणतं, बघू. आणि या ‘बघू’त आपला एक जन्म जातो. सरकारला दया आली म्हणून खोत गेला असं मला वाटत नाही. हुकूम मानणारेच हटून बसले तेव्हा खोताच्या कणगीत भात पडेना, आणि तो हिशेब सरकारला कळला.

सरकारचं सोडा. माझ्या धंद्यातलं सांगतो. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. कांडी बदलताना दोरा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागे. थुंकी लागे. बाकीचे बाटायचे. साचेखात्यात मजुरी जास्त, म्हणून आपला माणूस कमी मजुरीच्या खात्यात. १९२८ चा संप सहा महिने चालला. लाल बावटा, जगातल्या कामगारांची एकजूट. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सांगितलं, साचेखातं आम्हाला खुलं करा ही मागणी घाला. त्यांनी ती घातली, पण नाइलाजानं. मालकाच्या बंदूकवाल्याला न भिणारा कामगार शेजाऱ्याच्या थुंकीला भ्याला.

इथपर्यंत आलो की मी कॉम्रेड लोकांना दोन शिव्या देऊन मोकळा होतो. या वेळी ते जमलं नाही.

आमची अकरा गुंठे जमीन आहे. जुनं महारवतन. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, पैसे भरून ती जमीन आज्याच्या नावावर झाली. आज्या वारला. आता पुलाच्या बातमीनं मुंबईचा एकजण बंगल्यासाठी ती मागतोय, परवानगीची फाईल चालू आहे. बाबा आणि काका विकायला तयार. राहिली आत्या. तिचा हिस्सा सोडवून घ्यायचा. मजकूर लिहायचं काम माझ्याकडं, कारण घरात लिहिणारा मीच. कवी ना!

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल रखडवलं हे त्यातलं मोठं कारण. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा, हे त्या बिलात होतं. पुढं १९५६ च्या वारसा कायद्यात तो मिळाला. दरवर्षी जयंतीला मी हे भाषणात सांगतो. टाळ्या पडतात. आत्या पहिल्या रांगेत बसून वाजवते.

पेणवरून ती आली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसली. मी वाचून दाखवलं, ‘मी माझा हक्क राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना सोडत आहे.’ वाचताना माझा आवाज तलाठ्यासारखा झाला होता.

ती म्हणाली, “ह्यात राजीखुशीनं लिवलंस. मला इचारलंस कवा?”

बाबा म्हणाले, “बघू, बाय, तुला साडीचोळी करू, वर काही देऊ.”

बघू! हा शब्द मी कुठं ऐकला होता ते मला तिथंच आठवलं.

आत्या भांडली नाही. म्हणाली, “माहेर तुटंल म्हणून करते सही. पण ह्या जयंतीला त्यो राजीनामा सांगशील ना, तवा माज्याकडं बघून सांग.” मी तेव्हा म्हणालो, मजकुरात चूक आहे, परत लिहून आणतो. चूक काही नव्हती. बाबांना ते कळलं. कागद घेऊन मी तरीत बसलो तो थेट भिवंडीला आलो.

आता तो माझ्या पेटीत आहे. बाबांचा तीनदा फोन येऊन गेला. चौथा आला तर आत्याचा तिसरा हिस्सा आधी बोला, मगच विक्री, असं सांगायचं ठरवलंय. घरात माझं कोण ऐकणार? काका बोलायचे बंद होतील, आईला ऐकून घ्यावं लागेल. रविवारी पाळी बदलतेय, तेव्हा जाईन रेवसला.