वर्तुळाला वाढता येत नाही

लंडनच्या कॅमडन भागातलं राउंडहाऊस १८४७ साली मालगाड्यांच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलं गेलं. मधोमध टर्नटेबल, भोवती इंजिनं उभी करायची जागा आणि ओतीव लोखंडाच्या चोवीस खांबांवर तोललेलं शंकूसारखं छप्पर. एवढा थाट केला, पण इंजिनं तिथे जेमतेम दहा वर्षं राहिली. तेवढ्यात ती इतकी लांब झाली की त्या गोलात मावेनात. १८७१ पासून पुढे अर्धं शतक ही वास्तू जिन गाळणाऱ्या एका कंपनीचं कोठार होती. १९६४ मध्ये नाटककार अर्नोल्ड वेस्कर यांनी तिचं कलाकेंद्र करायला घेतलं, १९६६ मध्ये पिंक फ्लॉइड तिथे वाजवून गेले, १९८३ मध्ये दारं बंद झाली आणि २००६ मध्ये पुन्हा उघडली. राउंडहाऊस जतन करावं तर असं, म्हणून हिच्याकडे बोट दाखवलं जातं. एक देखणी इमारत वाचली हे खरंच. राउंडहाऊस वाचलं, असं मात्र मला म्हणवत नाही.

कारण राउंडहाऊस हे मुळात एक अवजार. वाफेच्या इंजिनाला तोंड एकच. उलट्या दिशेने नीट धावायचं तर ते सहसा फिरवावं लागतं. टर्नटेबलवर घेतलेलं इंजिन फिरतं आणि त्याच फेरीत वीस-बावीस रुळांपैकी हव्या त्या रुळावर लागतं. सांध्यांचं जाळं पसरायला नको, जागा थोडी लागते. शिवाय हे जनावर रोजच्या राबत्याचं: राख काढायची, नळ्या साफ करायच्या, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा. थंड बॉयलर पेटवला की वाफ धरायला कित्येक तास लागतात, कारण घाईने तापवलं तर धातू कमीजास्त फुगतो आणि सांधे गळू लागतात. म्हणून रात्रभर कोणीतरी जागं हवं. गोठ्यात गुरांभोवती माणसं वावरतात तशी इथे फिटर, फायरमन, खलाशी वावरत.

या रचनेतली खोट तिच्या सोयीतच होती. टर्नटेबल अडकलं की सगळी इंजिनं आत कोंडली. आणि सरळ शेड मागे-पुढे लांबवता येते, वर्तुळाला तसं वाढता येत नाही. डिझेल आलं तेव्हा तर फिरवण्याची निकडही ओसरली आणि रात्रभराची राखणही.

मग जपायचं काय? बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयाचं १८८४ सालचं गोल दालन पाहा (तेही खरं तर डब्यांच्या दुरुस्तीसाठी बांधलेलं, पण ते असो). फेब्रुवारी २००३ मध्ये बर्फाच्या भाराने त्याच्या छताचा मोठा भाग आत कोसळला. पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरात संग्रहालय पुन्हा सुरू झालं. छप्पर पैसा आणि जिद्द असली की परत उभं राहतं. बॉयलरच्या आवाजावरून दोष ओळखणारा कान तसा परत उभारता येत नाही.

क्योतोमधल्या उमेकोजीला हे कळलं होतं, असं वाटतं. १९१४ सालची काँक्रीटची ही पंख्याच्या आकाराची शेड. जपानी रेल्वेच्या शताब्दीला, १९७२ साली, तिथे वाफेच्या इंजिनांचं संग्रहालय झालं. तेव्हा देशात वाफेच्या शेवटच्या गाड्या अजून धावत होत्या, म्हणजे जाणती माणसं हाताशी होती. २००४ मध्ये शेडला राष्ट्रीय सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा मिळाला, तरी तिचा कारखाना बंद पडला नाही. यामागुची मार्गावर १९७९ साली पर्यटकांची गाडी ओढू लागलेलं ‘सी ५७’ वर्गाचं पहिलं इंजिन उमेकोजीच्याच खात्यावर आहे. खरी गाडी ओढायची म्हटलं की तपासणी खरी करावी लागते, आणि खरी तपासणी करताकरताच नवा फिटर तयार होतो. चौथऱ्यावर रंग देऊन उभ्या केलेल्या इंजिनापाशी, आणि तशी आपल्याकडे स्थानकांबाहेर पुष्कळ आहेत, शिकण्यासारखं काही उरत नाही. दर दिवाळीला रंगाचा हात तेवढा द्यायचा.

यावर आक्षेप रास्त आहेत. हे महाग आहे, कोळसा जाळणारं आहे आणि प्रत्येक शहराला परवडणारं नाही. कॅमडनने रेल्वे सोडली म्हणूनच ते टिकलं, हेही मान्य. बहुतेक जुन्या शेडींना नाटकगृह किंवा बाजार होणं हीच उत्तम गती आहे, आणि त्यात हळहळण्यासारखं फारसं नाही. पण देशाला एखादी तरी शेड चालती ठेवायची असेल, तर निवड वास्तूच्या देखणेपणावरून करू नये. हरियाणातली रेवाडीची शेड १८९३ सालची. ती गोल नाही, साधी सरळ आहे, छायाचित्रकारांना उमेकोजीइतकी भुरळ घालणारी नाही. २०१० पासून ती वारसा-संग्रहालय आहे आणि तिथली इंजिनं अधूनमधून पेटवली जातात. अशा शेडीचा अहवाल कधी वाचायला मिळाला तर इंजिनांच्या यादीआधी मी फिटरांची वयं पाहीन.