कोणालाच सांगू नका

ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या शिंद्यांच्या गुप्त खजिन्याला गंगाजळी म्हणत. तिथवर पोचवणारे 'बीजक' फक्त गादीवरच्या माणसाला ठाऊक असे. 1886 मध्ये जयाजीराव शिंदे वारले तेव्हा त्यांचे पुत्र माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. बीजक मुलाच्या कानात सांगायचे राहूनच गेले, आणि पुढे खजिन्याचा जो भाग हाती लागला तो योगायोगाने, असे सांगतात.

गुपित म्हणजे कोणालाच न सांगणे, ही आपली जुनी समजूत. धनाइतकेच जगणेही झाकण्याजोगे असते, आणि ते सरकारपासूनही झाकता येते, हे मात्र फार उशिरा सुचले. पाळतीखालच्या माणसाच्या घरी अवेळी थडकण्याची मुभा देणारे मध्य प्रदेश पोलिसांचे नियम गोविंद नावाच्या माणसाने सर्वोच्च न्यायालयात नेले. 1975 मध्ये न्यायालयाने नियम ठेवले, पण खासगीपणाचा हक्क आहे असे धरून चालून त्यांना आवर घातला. 'धरून चालणे' संपायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला. त्यांपैकी धनंजय चंद्रचूड यांनी तर त्याच निकालात, आणीबाणीतल्या जबलपूर खटल्यात वडिलांनी दिलेला कौल चुकीचा ठरवला. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही आला.

आपण मात्र झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आधार कार्ड बिनदिक्कत पाठवतो, आणि 'आता ते पुसून टाका' म्हणायला संकोचतो.

2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये ग्वाल्हेरमधल्याच थाटीपूरच्या रामकृष्ण मिशन आश्रमातल्या एका संन्याशांना फोन आला. बोलणारा स्वतःला नाशिकचा पोलीस म्हणवत होता. तुमचे नाव पैशांच्या अफरातफरीत आले आहे, असे सांगून त्यांना 26 दिवस 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे फोनवरच्या पाळतीखाली, ठेवले गेले आणि अडीच कोटींहून अधिक रक्कम गेली. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. संन्याशांना हसण्यासारखे यात काही नाही. वर्दीचे भय भल्याभल्यांचा घसा कोरडा करते.

या फसवणुकीची सगळी भिस्त एका वाक्यावर असते : 'कोणालाच सांगू नका.' म्हणजे गुपिताची ती जुनी समजूतच चोराने उचलली. पाळत ठेवणारा तोच, आणि त्याच्यापासून वाचवू शकणाऱ्या घरच्यांपासून माणसाला तोडणाराही तोच. खासगीपणाचा हक्क तोंड शिवून घेण्याचा नाही. कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे स्वतः ठरवण्याचा तो आहे. बीजक एकट्या जयाजीरावांपाशी होते, म्हणून ते वारसालाही लाभले नाही.

तेव्हा असा फोन आलाच, तर तो तिथल्या तिथे ठेवा. शेजारच्या खोलीत जाऊन जो कोणी असेल त्याला सांगा, आणि मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 लावा.