संमोहनोपचार आणि विश्वासाची ठेव

संमोहनविद्येविषयीं आमच्या लोकांत दोन प्रकारचे समज आढळतात. पहिला समज भीतीचा. ही वशीकरणाचीच सुधारलेली आवृत्ति असून, ती ज्याला साधली त्याच्या नजरेस नजर देतांच मन परस्वाधीन होतें, असें पुष्कळांस वाटतें. दुसरा समज लोभाचा. चार-दोन बैठकींत वर्षानुवर्षांचीं व्यसनें सुटतील, भय पळेल, हरवलेल्या आठवणी, फार काय मागील जन्मसुद्धां, डोळ्यांपुढें उभे राहतील, अशा आशेनें माणसें या उपचाराकडे धांव घेतात. हे दोन्ही समज वरवर परस्परविरुद्ध दिसले तरी त्यांचें मूळ एकच आहे. शक्ति जी कांहीं आहे ती संमोहन करणाराच्या ठायीं आहे, रोगी हा केवळ मातीचा गोळा, असें दोन्ही पक्ष धरून चालतात. हें गृहीतकृत्य खरें कीं खोटें याचा निकाल लागल्यावांचून, दुसऱ्याच्या शब्दानें आपलें मन बरें करून घेणें योग्य कीं अयोग्य, या नैतिक प्रश्नाचा विचारच करतां येत नाहीं. म्हणून प्रथम थोडा इतिहास पाहूं.

इ. स. १७७८ मध्यें व्हिएन्ना सोडून पॅरिस येथें आलेल्या फ्रान्झ मेस्मर या वैद्यानें असें प्रतिपादिलें कीं, सर्व विश्वांत एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे. शरीरांतील त्याचा प्रवाह अडला म्हणजे रोग होतो, आणि वैद्यानें तो मोकळा केला कीं रोग जातो. यास त्यानें प्राणिज चुंबकत्व असें नांव दिलें. बड्या घरच्या मंडळींची त्याच्या दारीं रीघ लागली. अखेर १७८४ सालीं सोळाव्या लुई राजानें चौकशीसाठीं एक समिति नेमली. तींत अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, ज्योतिषी बायी असे पुरुष होते. मेस्मरचा अनुयायी देस्लों याचे प्रयोग समितीनें तपासले. पासी येथें फ्रँकलिन यांच्या बागेंत एका झाडास ‘चुंबकत्व’ देऊन, बारा वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून एकेका झाडापाशीं नेण्यांत आलें. मुलगा मूर्च्छित पडला खरा, परंतु भलत्याच झाडापाशीं! द्रव म्हणून कांहीं नाहीं, जें घडतें तें कल्पनेच्या बळानें घडतें, असा समितीनें निकाल दिला.

निकाल योग्यच होता. परंतु येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. समितीनें द्रव नाकारला. रोग्यांवर परिणाम होतो हें नाकारलें नाहीं. कल्पनेच्या योगानें जर गुण येत असेल, तर कल्पनेचीच वैद्यकी कां करूं नये, असा देस्लोंचा रोख होता. हा सवाल हंसून सोडून देण्यासारखा नाहीं. खोटी समजूत घालून खरा आराम देणें हा धर्म कीं अधर्म? या लेखाचा प्रश्न हाच आहे.

त्याच प्रश्नाचा एक निराळा पैलू आपल्याच देशांत, बंगाल्यांतील हुगळी येथें, पुढें आला. कंपनी सरकारच्या चाकरींतील शस्त्रवैद्य जेम्स एस्डेल यांनीं एप्रिल १८४५ मध्यें तेथें मेस्मरच्या पद्धतीनें गुंगी आणून शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. बॉस्टन येथें ईथरचा जाहीर प्रयोग व्हावयास अद्यापि दीड वर्षाचा अवकाश होता. क्लोरोफॉर्म तर १८४७ सालचें. अशा काळीं मोठमोठ्या गांठी कापतांना रोगी शांत पडून राहत, हें प्रत्यक्ष पाहून सरकारनें १८४६ सालीं कलकत्त्यास या उपचाराचें इस्पितळही काढून दिलें. दुःखनिवारण झालें हें निर्विवाद, आणि त्याबद्दल एस्डेल यांस श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु त्यांचा पहिला रोगी तुरुंगांतील एक कैदी होता. पुढें अंधार केलेल्या खोल्यांत रोग्यांवर तासन् तास हात फिरविणारे त्यांचे मदतनीस इस्पितळांतील हुकमाचे ताबेदार, आणि बहुतेक रोगी गोरगरीब. साहेबास ‘नको’ म्हणण्याची मुभा त्यांपैकीं कितीजणांस होती? गुण आला एवढ्यानेंच संमति होती असें ठरत नाहीं.

एस्डेल स्वतः द्रवाच्या मतास धरून राहिले. परंतु मँचेस्टर येथील शस्त्रवैद्य जेम्स ब्रेड यांनीं त्या सुमारास त्या मताचा पायाच काढून घेतला. १८४१ सालीं एका मेस्मेरिझमवाल्याचा खेळ पाहून त्यांनीं स्वतः प्रयोग आरंभिले. माणसास एखाद्या चकाकणाऱ्या वस्तूकडे टक लावून बसविलें, तर हातवारे न करतां तीच अवस्था येते, असें त्यांस आढळलें. तात्पर्य, शक्ति करणाराच्या हातांत नव्हती; पाहणाराच्या अवधानांत होती. ग्रीकांच्या निद्रादेवतेवरून त्यांनीं या अवस्थेस नांव दिलें, तेंच हिप्नॉटिझम या रूपानें रूढ झालें. पुढें ही निद्रा नव्हे, तर एकाच कल्पनेवर मन खिळणें आहे असें दिसून आल्यावर, १८४७ सालीं त्यांनीं तशा अर्थाचें दुसरें नांव सुचविलें. परंतु लोकांनीं पहिलेंच धरलें, आणि ‘झोपविण्याचा’ गैरसमज आजतागाईत टिकला.

मग शक्ति जर रोग्याचीच, तर त्याच्या इच्छेवर मात करण्याचा प्रसंग कां यावा? तरीही तो येतो. फ्रान्समधील नान्सी येथें लिएबो व बर्नहाइम हे सूचनेच्या बळावर रोग्यांस बरें करीत. १८८९ सालीं सिग्मंड फ्रॉइड तेथें गेले होते. पुढें १९२१ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यांनीं त्या भेटीची एक आठवण नमूद केली आहे. एखादा रोगी सूचनेस वश झाला नाहीं, कीं त्याच्यावर ओरडा होई. तूं उलट सूचना करून घेतो आहेस, असा त्याजवर आरोप होई. फ्रॉइड यांस हा उघड अन्याय वाटला. ज्याला सूचनेनें वांकवूं पाहतात, त्याला प्रतिकाराचाही हक्क असला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. मानसविश्लेषणाविषयीं कोणाचें कांहींही मत असो, हा त्यांचा आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो. जो उपचार रोग्याच्या नकारास गुन्हा मानतो, तो उपचार राहत नाहीं, सत्ता होते.

ही सत्ता किती दूर जाते? संमोहित माणसाकडून अघोर कृत्यें करवितां येतात काय? मार्टिन ऑर्न व फ्रेडरिक इव्हान्स यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचें मार्मिक उत्तर मिळतें. संमोहित माणसांस विषारी साप हातीं धरावयास, तीव्र आम्लांतून नाणें काढावयास, आणि तें आम्ल साहाय्यकाच्या तोंडावर फेकावयास सांगण्यांत आलें. कोणास इजा होऊं नये अशी व्यवस्था अर्थातच गुप्तपणें केलेली होती. सहांपैकीं पांचांनीं तसें केलें. एवढेंच ऐकून कोणीही घाबरून जाईल. परंतु शेजारीं दुसरे सहाजण होते. ते संमोहित नव्हते, तसें सोंग तेवढें करीत होते. त्यांनीं सहाच्या सहाहींनीं तेंच केलें! मागाहून विचारतां, विद्वान माणसें येथें कोणास खरी इजा होऊं देणार नाहींत अशी आपली खात्री होती, असें त्यांनीं सांगितलें. म्हणजे माणसें वांकलीं तीं मोहिनीनें नव्हे, विश्वासानें. संमोहनांत आपण इच्छाशक्ति गमावीत नाहीं. समोरच्या माणसापाशीं विश्वासाची ठेव ठेवतों. ठेव बुडविणारा सावकार जसा चोरापेक्षां अधिक निंद्य, तसा या ठेवीचा अपहार करणारा उपचारकही.

आतां या उपचारापासून काय अपेक्षावें तें पाहूं. रोगी खुर्चीवर बसतो किंवा पडून राहतो. उपचारक त्याचें लक्ष श्वासाकडे, एखाद्या बिंदूकडे अथवा मनांतील एखाद्या चित्राकडे वळवितो व नंतर दुःख, भय किंवा खोड यांसंबंधीं सूचना देतो. रोगी झोपत नाहीं. बहुधा त्याला सर्व ऐकूं येतें, आठवतें, आणि वाटेल तेव्हां तो डोळे उघडूं शकतो. ही ग्रहणशक्ति सर्वांत सारखी नसते; थोडे लोक फार चटकन् रंगतात, थोडे मुळींच रंगत नाहींत, बहुसंख्य मधले असतात. त्यांत बुद्धीच्या मांद्याचा किंवा मनाच्या दुबळेपणाचा संबंध नाहीं. वेदना, शस्त्रक्रियेपूर्वींची धास्ती, आणि आंतड्यांचा वारंवार उठणारा विकार यांत या उपचाराचा उपयोग झाल्याचें दिसून आलें आहे. ब्रेड यांच्याच मँचेस्टरमध्यें पीटर व्हॉरवेल व त्यांचे सहकारी यांनीं १९८४ सालीं आंतड्यांच्या जुनाट विकाराच्या ३० रोग्यांवर केलेला प्रयोग या बाबतींत प्रसिद्ध आहे. उलट धूम्रपान हमखास सुटतें या दाव्यास तसा भक्कम पुरावा नाहीं. ज्यांस तीव्र भ्रम होतात अशा मनोरुग्णांवर हा प्रयोग करूं नये. शिवाय संमोहन हें साधन आहे, स्वतंत्र वैद्यक नव्हे. जो रोग ज्याला संमोहनावांचून तपासतां व हाताळतां येत नाहीं, त्यानें तो संमोहनानेंही हाताळूं नये.

सर्वांत मोठा धोका मात्र आठवणींच्या बाबतींत आहे. संमोहनांत आठवलेल्या गोष्टी अधिक खऱ्या नसतात. पण माणसास त्या खऱ्या असल्याची खात्री मात्र अधिक वाटूं लागते. अमेरिकेंतील वैद्यक संघटनेच्या मंडळानें १९८५ सालींच याविषयीं सावध केलें होतें. उपचारकानें सहज विचारलेला प्रश्नही रोग्याच्या मनांत चित्र उभें करतो, आणि तें चित्र उद्यां आठवण होऊन बसतें. अशा ‘आठवणीं’वरून एखाद्या आप्तावर भयंकर आरोप होऊं शकतो. मागील जन्माच्या कथांची हीच गत. पुनर्जन्मावर श्रद्धा असणें निराळें, आणि खुर्चीवर डोळे मिटून सुचलेली कथा त्याचा पुरावा मानणें निराळें. ठेवीचा अपहार केवळ दुष्ट हेतूनेंच होतो असें नाहीं, निष्काळजीपणानेंही होतो.

आतां देस्लोंच्या सवालाकडे वळूं. खोट्यानें बरें करणें योग्य काय? या प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे ती ही, कीं खरें सांगितल्यास गुण जाईल. परंतु तसें ठरलेलें नाहीं. अमेरिकेंत २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आंतड्यांच्या विकाराच्या ८० रोग्यांपैकीं कांहींस गोळ्या देतांना, यांत औषध नाहीं, तरीही मनाच्या योगानें आराम पडण्याचा संभव आहे, असें उघड सांगण्यांत आलें. तीन आठवड्यांनीं पाहतां, ज्यांस गोळ्या दिल्या नव्हत्या त्यांच्यापेक्षां यांस अधिक आराम पडलेला आढळला. एका लहान प्रयोगावर मोठी इमारत उभारणें योग्य नव्हे, हें आम्ही जाणतों. पण निदान असत्याची आवश्यकता सिद्ध करण्याचा बोजा आतां असत्याच्या कैवाऱ्यांवर पडला, यांत संशय नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, संमोहनोपचार घेण्यांत अधर्म नाहीं आणि कमीपणाही नाहीं. मूल आईच्या शब्दानें शांत होतें, घाबरलेला माणूस मित्राच्या शब्दानें सावरतो. त्यांत मन गहाण पडत नाहीं. परंतु उपचारकानें तीन गोष्टी पाळल्याच पाहिजेत. शक्ति आपली नसून रोग्याची आहे हें त्यानें प्रथमच सांगावें, जें साधणार नाहीं त्याचें वचन देऊं नये, आणि रोग्याचा नकार निमूटपणें मानावा. रोग्यानेंही या तीन गोष्टींवरूनच उपचारक पारखून घ्यावा. डोळ्यांच्या तेजाचा, सिद्धीचा किंवा अनुभवींच्या प्रशस्तिपत्रांचा डांगोरा जेथें फार, तेथें आपली ठेव ठेवूं नये. हुगळीच्या त्या कैद्यास विचारण्याची सोय नव्हती. आपणांस ती आहे. तिचा उपयोग करणें हें आपलें कर्तव्य आहे.