धर्मग्रंथ कोणी छापावा?

धर्मग्रंथ छापण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर छापखान्याचा वाटतो. मुळात तो धर्माचाच आहे. कथा-कादंबरीच्या बाबतीत लेखक लिहितो, प्रकाशक पैसा घालतो आणि वाचक निवाडा करतो. धर्मग्रंथाचा कर्ता मात्र देव तरी असतो, नाहीतर शतकांपूर्वी होऊन गेलेला संत. त्याच्या जागी संपादक किंवा भाषांतरकार उभा राहतो आणि 'हाच तो ग्रंथ' ही हमी प्रकाशकाला द्यावी लागते. ही हमी विद्वत्तेवर द्यायची, संस्थेच्या शिक्क्यावर, की वाचणाऱ्या समाजाच्या भरवशावर? दौंड तालुक्यातील केडगावात पंडिता रमाबाईंनी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले. त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठीत भाषांतर केले आणि ते त्यांच्याच मुक्ती मिशन या आश्रमाच्या छापखान्यात छापले गेले.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नव्हता. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे तीत कोणी भर घालू नये, अशी ताकीद दिली. त्यांना हे काम कोणत्याही पीठाने सोपवलेले नव्हते. अधिकार होता तो त्यांच्या साधनेचा आणि व्यासंगाचा, आणि पुढच्या पिढ्यांनी तीच प्रत पारायणाला घेतली म्हणून तो टिकला. तुकोबांच्या गाथेचे प्रकरण याहून विलक्षण. 1869 साली विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून गाथेची जी आवृत्ती काढली, तिचा 24,000 रुपयांचा खर्च मुंबई सरकारने उचलला. विठ्ठलाशी काडीचाही संबंध नसलेले सरकार वारकऱ्यांच्या ग्रंथाचे आश्रयदाते झाले! त्यामुळे गाथेचे पावित्र्य उणावले नाही. पैसा देणारा आणि ग्रंथाला प्रामाण्य देणारा एकच असावा लागत नाही, एवढे मात्र या प्रकरणातून दिसते.

प्रॉटेस्टंट पंथात ही गुंतागुंत आणखी वाढते. प्रत्येकाने शास्त्र स्वतःच्या भाषेत वाचावे, मधे पुरोहित नको, हा त्या पंथाचा पाया. पण लाखो प्रती स्वस्तात पुरवायच्या तर मोठे भांडवल लागते, आणि भांडवलामागून संस्था येतेच. 1804 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ग्रंथ टीपा-भाष्याविना छापण्याचा नियम केला. कोणत्याही चर्चची बाजू घ्यायची नाही, हा त्यामागचा हेतू. तरी मुळातल्या एकेका शब्दासाठी मराठीतला कोणता शब्द घ्यायचा, हे ठरवणे म्हणजेही भाष्यच. ते समितीच्या बैठकीत होई एवढेच. मराठीत मत्तयकृत शुभवर्तमान 1805 साली बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी छापले आणि 1811 मध्ये नवा करार आला. पुढे हे काम मुंबईच्या मिशनऱ्यांकडे आणि बायबल सोसायटीकडे गेले. बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकांचाही त्याला हातभार लागला. केडगावाहून भीमेच्या पलीकडे शिरूरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. अशा ठाण्यांवरच्या शाळांत आणि उपासनांत समितीने मान्य केलेले हेच बायबल वाचले जाई.

रमाबाई आल्या त्या अगदी वेगळ्या परंपरेतून. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्याची किंमत मोजली. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थातीर्थांतून फिरले. या व्यवसायात श्रोत्याला अर्थ कळलाच पाहिजे, असा आग्रह नसे. कानावर पडलेल्या शब्दानेच पुण्य लाभते, अशी धारणा असे. ग्रंथाचे सामर्थ्य नादात की अर्थात, हा वाद भारतीय विचारात जुना आहे, आणि नादाच्या बाजूनेही थोर मीमांसकांनी खल केला आहे. म्हणून ती बाजू अडाण्यांची ठरवून मोडीत काढता येत नाही. रमाबाई मात्र पूर्णपणे अर्थाकडे वळल्या. कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली, तेव्हा बाईने वेद वाचावा की नाही याचीच त्यांना आधी शंका आली. अधिकार वाचनापासूनच अडवला जातो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

प्रकाशनव्यवहारही त्यांना पुरता माहीत होता. 'स्त्रीधर्मनीति' 1882 मध्ये निघाले आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाला मदत झाली. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' 1887 साली फिलाडेल्फियात छापले गेले, आणि अमेरिकेच्या प्रवासावरचे मराठी पुस्तक 1889 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडले. बायबलच्या वेळी त्यांनी बाहेरचा प्रकाशक टाळला, तो व्यवहार जमत नव्हता म्हणून नव्हे.

खरे कारण जुने होते. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. चर्चने ठरवलेली सिद्धांतवचने निमूट स्वीकारावीत, असे सिस्टरचे म्हणणे. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या ताब्यात जाणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. बायबलच्या भाषांतराला त्यांनी हीच कसोटी लावली. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते, खेड्यातल्या बायकांना कळत नव्हते, आणि त्यातले काही शब्द हिंदू धर्मकल्पना सोबत घेऊन येतात, असे त्यांचे आक्षेप होते. ग्रीकशी त्यांची ओळख इंग्लंडमध्ये झाली होती. हिब्रूचा अभ्यास केडगावच्या व्यापात झाला. 1905 च्या सुमारास सुरू झालेले हे काम त्यांच्या अखेरपर्यंत चालले. दुष्काळातून आणि वैधव्यातून मुक्तीत आलेल्या मुली खिळे जुळवीत, प्रुफे तपासत, यंत्र चालवीत, बांधणी करीत. शास्त्राला स्पर्श करण्याची ज्यांना कालपर्यंत बंदी होती, त्यांच्या हातांनी ओळ न् ओळ जुळवली जात होती. 1921 मध्ये कन्या मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 साली छापून झाला.

संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी जगातील पहिली स्त्री असा त्यांचा उल्लेख कधीकधी होतो. तो बरोबर नाही. अमेरिकेतल्या जूलिया स्मिथने 1876 मध्येच असे भाषांतर स्वखर्चाने छापून घेतले होते. रमाबाईंचे वेगळेपण पहिलेपणात नसून भाषांतर, छपाई आणि प्रकाशन एकाच आश्रमाच्या आवारात आणण्यात आहे.

याच ठिकाणी त्यांच्या भूमिकेवर सर्वांत वजनदार आक्षेप येतो. समिती ही केवळ अडवणूक नसते. एकाच्या नजरेतून निसटलेले दुसऱ्याला दिसते, आणि निरनिराळ्या चर्चच्या माणसांचे एका वाक्यावर एकमत झाले, तर ते वाक्य कोणा एकाचे राहत नाही. एकट्याच्या भाषांतरावर त्या व्यक्तीच्या आवडीनिवडीचा ठसा उमटतोच, आणि छापखानाही तिचाच असेल तर तो पुसणारे कोणी उरत नाही. यावर रमाबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येते, की समितीवर कोण बसणार हे आधीच ठरलेले असे आणि खेड्यातली निरक्षर विधवा तिथे कधीच बसणार नव्हती. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. समितीत कोणाला आवाज नव्हता, हे दाखवून दिल्याने एकटीचा निर्णय आपोआप निर्दोष ठरत नाही.

विवेकबुद्धीच्या बळावर ग्रंथ छापता येतो. तो उपासनेत वाचला जाईल की नाही, हे विवेकबुद्धीच्या हाती नसते. एकनाथांच्या प्रतीला पारायण करणारा समाज लाभला. केडगावच्या बायबलला तसा समाज मुक्तीच्या वर्तुळाबाहेर फारसा मिळाला नाही. मराठी चर्चमध्ये सोसायटीचीच आवृत्ती चालू राहिली. पाठांतर, उपदेश आणि गाणी त्याच शब्दांभोवती घडलेली होती. पुढे बायबल सोसायटीनेही सोप्या मराठीतली आवृत्ती काढली.