आवाज काढून घेतलेली बंदूक

आमच्या अण्णाला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्याचे हात काही निवृत्त झाले नाहीत. सारं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर गेलं. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लहान लेथ, एक वाइस आणि कानशींचा डबा, एवढा त्याचा संसार. कुणाचा मिक्सर, कुणाच्या शिलाई मशीनचं चाक, बस्तीतल्या घंटेची कडी, सगळं तिथं येतं. गेल्या चैत्रात तिथं एक छऱ्याची बंदूक आली.

बंदूक अण्णाच्या मित्राची. खानापूरकडं त्याची आंब्या-काजूची बाग आहे. स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल. नळी मोडून खाली ओढली की आतली स्प्रिंग दबते. घोडा ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढं धावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि तीच हवा छऱ्याला ढकलते. दारू नाही, काडतूस नाही. “फार झणझणते रे, नेमपण हलतोय. जरा मऊ करून दे,” एवढंच मित्र म्हणाला होता.

दुपारी मी माहेरी गेले, तर शेडमधून हाक आली, “बरी आलीस. जरा बॅटरी धर की गं.” मी धरली. स्प्रिंग आत दाबलेलीच असते, एकदम खोललं तर तोंडावर उडते. म्हणून अण्णानं लाकडी चौकटीत बंदूक बसवली आणि स्क्रूनं दाबून ती हळूहळू सोडली. मग एकेक दोष मला दाखवत गेला. स्प्रिंगच्या आतला दांडा बारीक, म्हणून ती सुटताना लडबडते, तीच ही झणझण. त्यानं नायलॉनचा नवा दांडा लेथवर काढला, स्प्रिंगमध्ये अगदी बेतशीर बसेल असा. आतल्या कडांची खरखर पॉलिश पेपरनं घालवली. ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच लावलं. जास्त झालं तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते आतच पेटतं, डिझेल इंजिनासारखं.

दट्ट्याच्या तोंडाला चामड्याचं वायसर होतं. ते त्यानं पकडीनं उचलून बाजूला टाकलं. “चामडं आपल्याला नको,” म्हणाला आणि प्लास्टिकचं वायसर करून बसवलं. मला भरून आलं. म्हटलं, बघा, आईचे संस्कार. हातात बंदूक असली तरी चामडं टाळलं!

संध्याकाळी मागच्या भिंतीला पोतं टेकवून त्यावर कागद लावला. आधीचे पाच छरे तळहाताएवढ्या जागेत विखुरले होते. आताचे पाच एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले असते. आवाजही नुसता ‘टप्’. मी टाळ्या वाजवल्या. वहिनीनं सूर्यास्ताआधी जेवायला हाक मारली, आम्ही आनंदानं जेवलो.

वैशाखात मित्र आंब्यांची पेटी घेऊन आला. फार खूश होता. म्हणाला, “काय हात आहे अण्णा तुझा! आधी एक बार झाला की सगळा थवा उडायचा. आता एक राघू पडला तरी शेजारच्याला पत्ता नाही.”

अण्णा काही बोलला नाही. वहिनीच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं तसंच राहिलं. मित्र गेल्यावर अण्णा एवढंच म्हणाला, “मी कुठं मारलंय? मी घर्षण काढलं फक्त.”

मैत्रिणींनो, त्याचं हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला सोडेना. त्यानं बंदुकीची ताकद वाढवली नव्हती. ४.५ मिलिमीटरच्या नळीची, २० जूलपर्यंतची एअर रायफल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानासुद्धा लागत नाही. राघू मारणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पण तो गुन्हा मारणाऱ्याचा. सुरी करणारा लोहार खुनी ठरत नाही. आणि बंदूक म्हणजे पापच असंही कसं म्हणावं? अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवलं ते १० मीटर एअर रायफलमध्येच. तिथली बंदूक वेगळी असते, पण समोर फक्त कागद, आणि त्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत नेमबाजीत २०१० साली विश्वविजेती झाली, तेव्हा आपणही पेढे वाटल्यासारखेच हरखलो होतो.

मग चुकलं कुठं?

समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार आहेत, त्यात एक हिंसादान. जीव घेण्याला कारण होणारी साधनं दुसऱ्याला देणं. त्या यादीत तलवार आहे, तशी कुऱ्हाड आहे आणि कुदळसुद्धा आहे. लहानपणी मला याचं नवल वाटायचं. आपल्याकडचे कितीतरी जैन शेतकरी, कुदळीवाचून त्यांचं चालेल कसं? आज वाटतं, म्हणूनच ती यादीत आहे. वस्तू वाईट म्हणून नव्हे. साध्या वस्तूसुद्धा देताना विचारायचं असतं, म्हणून. आपली कुदळ आपल्या शेतात चालते तेव्हा आपण तिच्यासोबत असतो. दुसऱ्याला दिली की आपली नजर मागं राहते आणि वस्तू पुढं जाते.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात तर हिशोबच मांडलाय. ठरवणं, तयारी करणं, सुरुवात करणं हे तीन. मनानं, वाणीनं, कायेनं हे तीन. केलेलं, करवलेलं, अनुमोदन दिलेलं हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार १०८. जपमाळेचे मणी तेवढेच. त्या रात्री सामायिकाला बसले आणि माझा मणी मला सापडला. अण्णाला नावं ठेवत होते मी मनात, पण टाळ्या कुणी वाजवल्या? त्या अनुमोदनाच्याच. आणि अण्णाचा मणी कुठला? मला वाटतं, मानाचा. आपला हात किती सफाईचा, या आनंदात दोघांनीही ‘कशासाठी?’ हा एक प्रश्न विचारला नाही. चामड्याचं वायसर मात्र आठवणीनं टाळलं. मेलेल्या जनावराचा विटाळ आम्हाला दिसला, मरणारा राघू दिसला नाही. आपल्या पुष्कळ नेमधर्माचं असंच होतं का, हे मला अजून छळतं.

बंदुकीची ती झणझण अण्णाच्या लेखी दोष होता. थव्याच्या लेखी तो इशारा होता. आम्ही तो काढून घेतला.

आंबे आम्ही खाल्ले नाहीत. नाही खाल्ले म्हणून पुण्य लागलं असंही नाही. अण्णा दुसऱ्या दिवशी बसनं खानापूरला गेला, मित्राला म्हणाला, “झाडांना जाळी लाव, मी येतो बांधायला.” दोन दिवस राहून पाच झाडांना जाळी बांधली. बंदूक मात्र मित्रानं परत दिली नाही. ती अजून तिथं आहे, बिनआवाजाची. अण्णा कधीमधी जेवता जेवता थांबतो तेव्हा मला कळतं, त्याला काय आठवलंय.

परवा कॉलेजातली एक मुलगी वडिलांसोबत तशीच बंदूक घेऊन आली. अण्णानं हात लावण्याआधी विचारलं, “बाळ, नेम कशावर धरतेस?” तिनं छऱ्यांनी चाळण झालेले कागद दाखवले. त्यानं ते एकेक करून उजेडात धरून बघितले आणि बंदूक ठेवून घेतली.

मग मला म्हणाला, “धरशील का गं बॅटरी?”

मी क्षणभर थांबले. या खेपेला मला विचारून घ्यावंसं वाटलं, अण्णाला नव्हे, स्वतःलाच. मग धरली. टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत.